पांढऱ्यावर पांढरं

आमच्या घरात बी लावताना ज्या बाईकडून ते आलं तिचं नाव घ्यायची पद्धत आहे. बोटाने मातीत खळगा करायचा, बी ठेवायचं, माती लोटायची आणि म्हणायचं, "मंजुळाबाईचा दोडका." मग पुढचं बी. माझ्या सासूबाई मनकर्णाबाई सांगत, नाव घेतलं नाही तर वेल नुसता फुलतो, फळ धरत नाही. आणि वाळकाचं नाव विसरलं तर वाळूक कडू निघतं.

एका वाळकाचं नाव मी बावन्न वर्षं घेतलं नाही. ते एकदाही कडू निघालं नाही. दर साली कुंपणावर वेल चढायचा, पिवळी फळं लागायची, घरभर गोड वास सुटायचा. कडू निघालं असतं तर बरं झालं असतं. मी नाव घेत नव्हते आणि तरी फळ गोड होतं, याचा मला एकच अर्थ लागायचा. माझ्या मागे उभं राहून कोणीतरी नाव घेत होतं.

माझी नात योगिनी शेतकी शिकून डोणगावला परत आली तेव्हा तिने माझी सगळी गाडगी उघडली. राखेत ठेवलेलं बी निवडलं, वाळवलं, पाकिटं केली. एक्केचाळीस वाण निघाले. "आजी, हे दुनियेत कोनाकडं नसीन," ती म्हणाली, आणि महिनाभरात तिने वेबसाइट काढायचं ठरवलं. बसस्टँडवर दीपकचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. त्यानेच ती करून दिली. नाव ठेवलं 'वेलबी'. सातारा, नाशिक, कुठल्या कुठल्या गावचे लोक मोबाइलवर 'गावरान दोडक्याचं बी' असं लिहीत आणि पहिलं आमचं पान येई. योगिनी रोज पोस्टात पाकिटं टाकायला जाई.

मी एकच अट घातली होती. प्रत्येक बियाच्या पानावर ते ज्या ज्या बायांच्या हातून आलं त्यांची नावं पाहिजेत. मला सगळी पाठ होती. एका दोडक्याला नऊ नावं, गावांसकट.

दीपक कपाळाला हात लावून म्हणाला, "आजी, लोक दोडक्याचं बी घ्याले येतीन का बायांची मतदार यादी वाचाले?"

"नावं नसतीन त बी बी नाई," मी म्हणाले.

योगिनी त्याच्याकडे पाहून हसली. दोन दिवसांनी मला म्हणाली, "लिवली आजी, सगळी लिवली." मी चष्मा लावून पाहिलं तर पानावर दोडक्याचा फोटो, खाली माहिती, आणि नावं कुठेच नाहीत. योगिनी आत गेल्यावर दीपकने मला खरं सांगितलं. "हे पाय आजी. पान बी पांढरं, अक्षर बी पांढरं. नाव हाय, पन कोनाच्या डोळ्यात येत नाई. तुह्यी बी अट राह्यली, पान बी साफ दिसते." त्याने माउस दाबून हात खाली ओढला. रिकाम्या जागेवर निळा पट्टा पसरला आणि त्यात एकेक नाव उगवत गेलं. मंजुळाबाई. जयवंताबाई. सोनाई. हात काढला की पुन्हा सगळं पांढरं.

मला राग यायला हवा होता. आला नाही. मला दुसरंच सुचलं.

पुढच्या वेळी दीपक आला तेव्हा योगिनी पोस्टात गेली होती. मी त्याला म्हटलं, "एक ओळ अजून लिही बाबा. सगळ्या पानांवर, खाली. पांढरीच."

"काय लिवू?"

मी सांगितलं. त्याचे हात थांबले. "कोन हाय ही, आजी?"

"घाटाखालची होती एक. योगिनीले सांगू नको. आन घे माही."

त्याने आण घेतली, ओळ लिहिली. काही महिन्यांनी त्याला पुण्यात नोकरी लागली आणि दुकान बंद झालं.

ती ओळ अशी होती: पंचफुला, वाल मी शिजवला. तू नेला नव्हता.

पंचफुला माझी धाकटी जाऊ, माझे दीर रंगराव यांची बायको. माहेर वडनेर भोलजीचं, घाट उतरून खाली. मी तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिला हाक मारली की ती जिथे असेल तिथून लांबलचक "ओ" द्यायची. आम्ही घाटावरच्या बाया तिच्या ओ ला हसायचो. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी निघाली तेव्हा मी सासूबाईंच्या नकळत वालाची एक मूठ तिच्या पदरात बांधली. आमचा वाल तांबडा, मोठ्या दाण्याचा, तसा तिकडे नव्हता. ती परत आली ती वाळकाचं बी घेऊन. "जाऊबाई, तुमच्या वालाचं देणं," म्हणून माझ्या हातावर ठेवलं. मी ते बांधून ठेवलं. दोन साल लावायला जमलंच नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात माझा चंद्रशेखर दोन वर्षांचा होता. तापातून उठला होता आणि सारखा खायला मागायचा. मिळत होती ती लाल ज्वारी त्याला पचत नव्हती. देवळीतल्या मडक्यात वालाचं बी होतं, पेरणीसाठी राखलेलं. आमच्यात घरातलं माणूस उपाशी राहील पण बी खाणार नाही. मी खाल्लं नाही. मी त्याला चारलं. सगळे खडी फोडायच्या कामावर गेले की भर दुपारी मूठभर वाल शिजवायचे आणि कुसकरून भरवायचे. नऊ-दहा दिवस. वाल शिजताना एक उग्र, ओल्या मातीसारखा वास सुटतो. एक दिवस पंचफुला पाय मुरगळला म्हणून लवकर परत आली. चुलीजवळ आली, भांड्यात पाहिलं, लेकराकडे पाहिलं. भांड्यावर झाकण ठेवलं आणि वास बाहेर जाऊ नये म्हणून दार लोटून घेतलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी बी पाहायला मडकं उपडं केलं. नुसती राख पडली.

"माह्या घरचा वाल कोनं नेला?" त्या ओरडल्या. मग पंचफुलाकडे वळल्या. "तू नेला न माहेरी? तिकडं लावला म्हनते वाल. मले समजलं हाय."

पंचफुलाने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. म्हणाली, "हाव, नेला होता. मूठभर." कोणी दिला ते सांगितलं नाही. मडक्यातला कुठे गेला तेही सांगितलं नाही. ते सांगायचं माझ्यावर सोडलं होतं तिने. मी चंद्रशेखरला कडेवर घेऊन खांबाला टेकून उभी राहिले.

रंगराव तिला दुसऱ्या दिवशी एस.टी.त बसवून आले आणि कधी आणायला गेले नाहीत. सहा वर्षांनी वडनेरहून कार्ड आलं. मयताचं कार्ड घरात न्यायचं नसतं म्हणून सासऱ्यांनी अंगणातच वाचलं, फाडलं आणि उकिरड्यात टाकलं. आखाजीला आमच्याकडे गेलेल्या सगळ्यांची नावं घेऊन पाणी सोडतात. तिचं नाव कधी घेतलं गेलं नाही, कारण ती आमच्यातली राहिली नव्हती. तिला माहेरी धाडलं त्याच साली मी तिचं वाळूक लावलं होतं, मुकाट्याने. गावात त्याला 'गीताबाईचं वाळूक' म्हणू लागले आणि मी म्हणू दिलं. वेबसाइटवरही ते माझ्याच नावाने होतं.

ती ओळ लिहून घेतल्यावर दोन वर्षं मला जरा शांत वाटलं. एक्केचाळीस पानांवर तिचं नाव होतं आणि कोणाला दिसत नव्हतं. मला वाटलं, इतक्याने भागेल.

यंदा होळीनंतर वेबसाइट नाहीशी झाली. म्हणजे जागेवर होती, पण शोधणाऱ्याला सापडेना. योगिनी माझ्यासमोर मोबाइलवर 'वेलबी' लिहायची, भलतीच नावं यायची, आमचं नाही. पाकिटांची मागणी थांबली. बियाची मागणी गुढीपाडव्यापासून मृगापर्यंतच असते. पुढे बी जुनं होतं, लोक विसरतात.

योगिनीने शोध घेतला. गुगलच्या तिच्या खात्यात एक सूचना येऊन पडली होती: तुमच्या पानांवर लोकांपासून लपवलेला मजकूर आहे, म्हणून ही साइट दाखवली जाणार नाही. जे लपवलंय ते दुरुस्त करा, काय केलं होतं ते खरं लिहा आणि परत विनंती करा.

"नावं!" ती म्हणाली. "आजी, तुह्या त्या बाया! लोक जास्त यावे म्हनून काही जन अशी पांढरी अक्षरं भरतात. त्याइले वाटलं आपन बी चोर." ती हसत होती, कारण इलाज सोपा होता. तीन दिवस बसून तिने एकेका पानावरची यादी काळी केली. "घे, आता दिसू दे सगळ्याइले." विनंती पाठवली.

मी तिच्यामागे खाटेवर बसून पाहत होते. मी काही बोलले नाही. मला वाटलं, एक ओळ. एका ओळीने काय होतं.

सोळा दिवसांनी उत्तर आलं. नाही. लपवलेला मजकूर अजून आहे.

तेव्हापासून मला तो वास येऊ लागला. दुपारी, दोनच्या सुमाराला, गॅस बंद, भांडी घासून पालथी, आणि वाल शिजल्याचा वास. आमच्या घरात त्या सालानंतर वाल लागलेला नाही. तो वाण आमच्याकडून संपला. मी सुनेला विचारलं, "काही शिजवून राह्यली का?" ती म्हणाली, "नाई आई, काऊन?" मी उठून दार लोटून घेतलं. लोटल्यावर लक्षात आलं की पंचफुलाने असंच लोटलं होतं.

योगिनीने पुन्हा सगळी पानं तपासली. "या दीपकचं काम पाय, आजी. प्रत्येक पानाच्या खाली ही एवढी रिकामी जागा काऊन सोडली असीन?" नावं यादीतच असतात या समजुतीने ती जागा तिने तपासलीच नाही. तिने बोट ठेवलं तिथे मी पाहिलं. पांढरी पट्टी. माझे डोळे तिथून निघेनात. कोऱ्या भिंतीपाशी कोणी तोंड फिरवून उभं असावं तसं वाटलं.

"दीपकले विचार न," मी म्हणाले. त्याने आण मोडली असती तर माझी सुटका झाली असती.

"विचारलं. म्हनते, माह्या ध्यानात नाई."

त्याच्या ध्यानात होतं. त्याने माझी आण पाळली होती.

तिने दुसरी विनंती पाठवली. पुन्हा 'नाही' असंच उत्तर आलं. तोवर अर्धा चैत्र सरला होता. चंद्रशेखर, माझा मुलगा, योगिनीचा बाप, जेवताना म्हणाला, "जालन्याच्या बियाणे कंपनीचं पत्र येऊन पडलं हाय. पुढच्या सोमवारी रुजू व्हाचं म्हनतात. तुह्या हौसेले दोन सालं देल्ली बाई. आता बस झालं."

योगिनी ताटात पाहत म्हणाली, "हाव, जातो."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पाकिटं फोडून बी परत गाडग्यांत ओतत होती. रडत नव्हती. प्रत्येक पाकिटावरचं नाव वाचायची आणि ओतायची. "मंजुळाबाईचा दोडका. सोनाईची काकडी." मग एक पाकीट हातात घेऊन म्हणाली, "गीताबाईचं वाळूक," आणि माझ्याकडे पाहून कसनुसं हसली.

वास आला. इतका जवळून की मी मागे वळून पाहिलं.

"ते कॉम्प्युटर लाव," मी म्हणाले.

"राहू दे आजी. काही फायदा नाई."

"लाव म्हनतो न. वाळकाचं पान काढ. खाली जा. त्या रिकाम्या जागेवर तो उंदीर दाबून हात ओढ, दीपक ओढे तसा."

तिने ओढलं. निळ्या पट्ट्यात अक्षरं वर आली. ती वाचायला लागली आणि तिचा आवाज मध्येच बारीक झाला. दुसरं पान उघडलं. तिसरं. सगळीकडे तीच ओळ.

"आजी, हे तू लिवलं?"

"दीपककडून लिवून घेतलं."

"तुले माहीत होतं? मी महिनाभर डोळे फोडून राह्यली आन तू मागं बसून पाहत होती?"

"हाव."

"पंचफुला कोन?"

"तुही चुलत आजी. रंगराव आबाची बायको."

"ते त बिनलग्नाचे होते न?"

आमच्या घराने तिला इतकं पुसलं होतं. मी सगळं सांगितलं, मूठभर वालापासून उकिरड्यातल्या कार्डापर्यंत. सांगत असताना चंद्रशेखर दारात येऊन उभा होता ते मला उशिरा दिसलं.

"तो वाल मी खाल्ला?" त्याने विचारलं.

"तुले काय समजत होतं बाबा. दोन सालाचा होता तू."

चौपन्न वर्षांचा माणूस, अंगणातल्या नळावर गेला, चूळ भरली, थुंकला. परत येऊन माझ्याजवळ बसला. "माय, लेकरू उपाशी असल्यावर कोनतीही माय हेच करीन. तुहा काही दोष नाई."

तो मला सोडवायला पाहत होता. म्हणून मला बोलावं लागलं. "चारल्याचा दोष नाई, चंदू. खांबाले टेकून उभी राह्यली, त्याचा हाय."

योगिनी पडद्याकडे पाहत होती. राग होता तिच्या चेहऱ्यावर, माझ्यावरचाच. तिने चाळीस पानांवरून ती ओळ काढून टाकली. वाळकाच्या पानाशी थांबली.

"हे पुसू का काळं करू?"

पुसलं तरी साइट परत येणार होती, हे मला कळत होतं. पुसलं असतं तर बाहेर कोणालाच कळलं नसतं.

"काळं कर," मी म्हणाले. "आन वर माह्यं नाव हाय ते काढ. वडनेर भोलजीच्या पंचफुलाचं वाळूक, असं लिही."

चंद्रशेखर म्हणाला, "माय, गावातले वाचतीन."

"वाचू दे."

विनंतीत खरं लिहायचं असतं, म्हणून योगिनीने मलाच विचारून लिहिलं. काय लिहिलं ते तिने वाचून दाखवलं: बायांची नावं पान नीट दिसावं म्हणून पांढरी केली होती, ती आता काळी केली आहेत. आणखी एक ओळ माझ्या आजीने लिहून घेतली होती. ती गिऱ्हाइकाला फसवायला नव्हती, पण लपवायलाच होती. आता ती एकाच पानावर आहे आणि सगळ्यांना दिसते.

सोमवारी ती जालन्याला गेली नाही. तिच्या बापाने एकदाही विचारलं नाही.

आखाजीला चंद्रशेखरने पाणी सोडलं. आजोबा, आजी, वडील, रंगराव. मग थांबला आणि म्हणाला, "पंचफुला काकू." तांब्या वाकवून पाणी सोडलं. तिची ती लांब ओ येते का म्हणून मी कान देऊन होते. काही ऐकू आलं नाही.

त्यानंतर सहाव्या दिवशी उत्तर आलं. बंदी उठली होती. योगिनीने 'वेलबी' लिहिलं आणि आमचं पान आलं. तिने मला मिठी मारली नाही. अजून ती माझ्याशी नीट बोलत नव्हती. पण मोबाइल माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, "पंचफुला लिही. वाळूक लिही." तिने लिहिलं. पहिल्याच ओळीत ती होती.

वैशाखातल्या एका दुपारी फोन वाजला. योगिनीने स्पीकर लावला. बाईचा आवाज, घाटाखालचा.

"मी वडनेर भोलजीहून जयमाला बोलतो. आमचं वाळकाचं बी दोन सालाआधी पुरात गेलं. माही पोरगी मोबाइलवर पाहून राह्यली होती त माह्या आत्याचं नाव निंघालं. पंचफुला. ते तुमीच लिवलं का?"

"हाव," योगिनी म्हणाली.

"खालची ओळ बी वाचली आमी." बाई म्हणाली. मी खाटेची दोरी धरली. "आत्यानं कधी काही सांगतलं नाई. विचारलं त म्हने, मले घाटावर करमत नाई. तशीच गेली. आमाले पाच-सहा बिया धाडा. तिच्या हातचं हाय ते. बदल्यात आमच्याकडचा वाल धाडतो. तांबडा हाय, मोठ्या दान्याचा. आत्या लावे. लावताना नाव घ्याची, तसंच आमी अजून बी घेतो. गीताचा वाल. आता ही गीता कोन, ते आमाले कोनालेच मालूम नाई."

योगिनीने माझ्याकडे पाहिलं. बावन्न वर्षं, दर साली, घाटाखाली कोणीतरी मातीवर वाकून माझं नाव घेत होतं. आणि मी समजत होते की माझ्या मागे कोणी तिचं घेतंय.

"हॅलो?" फोनमधली बाई म्हणाली. "गीता कोन हाय, तुमाले मालूम हाय का?"

"ओ," मी म्हणाले.

वाल पोस्टाने आला. सोळा दाणे, जुन्या सुती कापडात बांधलेले. मी कुंपणाशी बसले, बोटाने खळगा केला, दाणा ठेवला, माती लोटली. आता हे बी ज्या बाईकडून आलं होतं तिचं नाव घ्यायचं होतं.

"पंचफुलाचा वाल," मी मोठ्याने म्हणाले.

मागे वळून पाहिलं नाही. थोडा वेळ थांबले आणि दुसरा दाणा हातात घेतला.